तीन महिन्यांच्या मुलीने पावलं टाकणं का थांबवलं?

प्रश्न
लेक 12 आठवड्यांची आहे. पहिल्या आठवड्यात तिला काखेत धरून तळवे गादीला टेकवले की एकेक पाऊल उचलायची. मला त्याचं फार अप्रूप होतं, रोज करून बघायचे. गेले पंधरा दिवस पाय नुसते लोंबतात. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. पण आलेली गोष्ट जाते कशी? रात्री झोप लागत नाही.

निवृत्त शिक्षिका
आम्ही शिकलो ते असं: मेंदूचा वरचा थर पक्व होऊ लागला की ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया दबते. पुढचं चालणं निराळं. गेसेल आणि थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1929 मध्ये जुळ्या बहिणींपैकी एकीलाच 46व्या आठवड्यापासून 6 आठवडे पायऱ्या चढायचा सराव दिला. दुसरी 53व्या आठवड्यात सरावाशिवायच चढली! तेव्हा धीर धर गं.

फिजिओथेरपिस्ट
धीर धरा हे खरंच, पण ‘दबते’ हे मला पटत नाही. तिला पाठीवर झोपवा. लाथा मारते ना? बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांना दिसलं, की त्या लाथांमध्ये पाय वाकण्या-सरळ होण्याची घडण पावलांसारखीच असते. मेंदूने पावलं दाबली, मग लाथा कशा राहिल्या?

1984 च्या प्रयोगात त्यांनी बाळांच्या पायांना लहान वजनं बांधली, पावलं कमी झाली. पाय पाण्यात बुडवले, पावलं वाढली. म्हणजे अडचण वजनाची. या महिन्यांत पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद मागे राहते. उभं धरलं की तो पाय उचलायला जड जातो, आडवं असताना तेवढा जात नाही. मेंदू, ताकद, वजन, खालची जमीन यांचा मेळ बसला की हालचाल होते, एक सुटलं की थांबते. मला हीच मांडणी सगळ्यात जवळची वाटते, कारण रोज हाताखाली तेच दिसतं.

आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत कधीही येतं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा पल्ला आहे. तोवर जागी असताना पोटावर खेळू द्या.

प्रश्नकर्ती
लाथा तर दुपटं उडवतील अशा मारते! आज अंघोळीला ह्यांनी तिला टबात कमरेपर्यंत पाण्यात धरलं. आधी काहीच नाही. मग डावा पाय वर आला. मग उजवा. मी मोजले, सात.