चाके बदलताना टायरच्या हवेचे सेन्सर वगळावेत का?

धागालेखक (पुणे)

कंपनीची चाके काढून एक इंच मोठे अलॉय (मिश्रधातूची चाके) बसवण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे आणि तिच्याबरोबर एक प्रथाही रूढ होत चालली आहे. टायरच्या दुकानात जुन्या चाकांतील हवेचा दाब मोजणारे सेन्सर काढून गिऱ्हाइकाला पिशवीत घालून दिले जातात, नव्या चाकांत साधे रबरी व्हॉल्व्ह बसतात आणि डॅशबोर्डवर कायमच्या पेटलेल्या पिवळ्या दिव्याबद्दल विचारले की 'त्याने काही होत नाही, साहेब' असे उत्तर मिळते. माझे स्पष्ट मत असे आहे, की नव्या चाकांत सेन्सर बसवायचे नसतील तर चाके बदलूच नयेत.

याला कारण आहे. मोठ्या अलॉयवर बसणाऱ्या टायरची बाजूची भिंत कमी उंचीची आणि ताठ असते. जुन्या उंच टायरमधील हवा उतरली की तो खाली बसलेला लांबूनही दिसत असे, पण या टायरमध्ये दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी असली तरी नुसत्या नजरेला पत्ता लागत नाही. म्हणजे सेन्सरची गरज ज्या बदलामुळे वाढते, नेमक्या त्याच वेळी आपण तो काढून टाकतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने धावताना खिळ्यामुळे हळूहळू उतरणारी हवा सांगणारे दुसरे साधन गाडीत नाही. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासावे लागले होते, याचा विसर पडू नये.

प्रतिसाद १ (नाशिक)

धागालेखकांशी मी सहमत नाही. सेन्सर हे सुरक्षेचे साधन आहे हे मान्य, परंतु ते नसेल तर चाकेच बदलू नयेत हा आग्रह टोकाचा आहे. दिव्याचा भरवसा किती धरायचा, हे आधी पाहावे. अमेरिकेच्या नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागणे बंधनकारक आहे. याचा अर्थ ३३ पीएसआयच्या टायरमध्ये हवा २५ पीएसआयच्या आसपास येईपर्यंत निव्वळ दिव्यावर चालणारी यंत्रणा गप्प बसू शकते. दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने हवा मोजणाऱ्या माणसाला ही घट कितीतरी आधी कळते.

दुसरा मुद्दा खर्चाचा. सेन्सरमधील बॅटरी त्याच्या आवरणातच बंद केलेली असते, ती बदलता येत नाही, आणि साधारण पाच ते दहा वर्षांत ती संपते. पाच वर्षे वापरलेल्या गाडीचे सेन्सर नव्या अलॉयमध्ये बसवले तर थोड्याच काळात टायर पुन्हा उतरवून तेच काम करावे लागणार. नवे घ्यायचे म्हटले, तर सर्व्हिस सेंटरच्या भावाने चार सेन्सर एखाद्या चांगल्या टायरपेक्षा महाग पडतात. त्या पैशांत चांगले गेज आणि हवा भरण्याचा छोटा पंप येतो.

प्रतिसाद २ (मुंबई, टायरच्या व्यवसायातून)

चर्चा पुढे नेण्यापूर्वी आपल्या गाडीत सेन्सर आहेत की नाहीत हे पाहावे, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. किआ सेल्टॉससारख्या गाडीत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला आतून सेन्सर जोडलेला असतो आणि पडद्यावर चारही टायरचे आकडे दिसतात. फोक्सवॅगन टायगुनसारख्या गाडीत मात्र चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, ते चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरते आणि ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या यंत्रणेला हा फरक कळतो. अशा गाडीचे चाक बदलल्यावर नवे काही विकत घ्यायचे नसते. थंड टायरमध्ये योग्य हवा भरून मगच रीसेटचे बटण दाबायचे असते. आधी बटण दाबून नंतर हवा भरली, तर गाडी चुकीचाच दाब बरोबर म्हणून लक्षात ठेवते. शिवाय चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर ही पद्धत ते बहुधा ओळखत नाही.

आता खऱ्या सेन्सरविषयी. माझ्या पाहण्यातले बहुतेक सेन्सर बॅटरी संपल्यामुळे बाद होत नाहीत, ते टायर उतरवताना तुटतात. टायर चाकापासून सुटा करण्यासाठी मशीनचा फाळ तो दाबतो तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्यासमोर आला की आतील प्लास्टिकचे आवरण फुटते. सेन्सर कुठे आहे हे कामगाराला आधी सांगितले तर हे सहज टळते. दुसरा घोळ व्हॉल्व्हच्या आत हवा रोखणाऱ्या पिनचा. सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात निकेलचा मुलामा दिलेलीच पिन हवी. साधी पितळी पिन बसवली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत ती अशी चिकटते की काढताना व्हॉल्व्हच मोडतो. धातूच्या शोभिवंत टोपणांचेही हेच होते, म्हणून प्लास्टिकचे टोपण चांगले. जुने सेन्सर नव्या चाकात बसवताना सील, नट आणि पिन यांचा नवा संच घालावा. त्याची किंमत सेन्सरच्या मानाने किरकोळ असते.

प्रतिसाद ३ (श्टुटगार्ट)

जर्मनीत हा प्रश्न वर्षातून दोनदा येतो. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, उरलेले महिने उन्हाळी, आणि त्यासाठी बहुतेक घरांत चाकांचा दुसरा संच तयारच असतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघातील प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची असल्यामुळे ज्या गाडीच्या चाकांत सेन्सर असतात तिच्या दुसऱ्या संचातही ते घालावे लागतात. तेवढा खर्च टाळण्याची पळवाट इथेही अनेकांनी शोधली आहे, पण ठरावीक मुदतीच्या वाहन तपासणीत यंत्रणा बंद असणे हा दोष धरला जातो.

प्रतिसाद १ मधील खर्चाच्या मुद्द्यावर इथला तोडगा उपयोगी पडेल. बाजारातील सार्वत्रिक (अनेक गाड्यांना चालणारे) सेन्सर कोरे मिळतात आणि दुकानदार यंत्राने जुन्या सेन्सरचा ओळखक्रमांक त्यांत उतरवतो. गाडीला संच बदलल्याचे कळत नाही, त्यामुळे नवे सेन्सर गाडीच्या यंत्रणेत नोंदवावे लागत नाहीत. फक्त सेन्सर ज्या रेडिओ लहरींवर गाडीला दाब कळवतो, त्यांची फ्रीक्वेन्सी तपासून घ्यावी. युरोपात आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झ चालते, तर अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना ३१५ असते. अमेरिकेतील भाच्याने स्वस्त म्हणून आणलेले सेन्सर पुण्यातील गाडीशी बोलत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रतिसाद १ (नाशिक)

जर्मनीत कायदा आहे म्हणून ते ठीक. आपल्याकडे अशी सक्ती नाही. ज्यांना आकडे हवेतच त्यांनी व्हॉल्व्हवर फिरवून बसवायची सेन्सरची टोपणे आणि त्यांचे आकडे दाखवणारा, काचेवर ठेवायचा सौरऊर्जेवरचा छोटा पडदा घ्यावा. बाजारात ते स्वस्त मिळतात आणि टायर उतरवावा लागत नाही.

धागालेखक (पुणे)

ती टोपणे रबरी व्हॉल्व्हच्या टोकावर जास्तीचे वजन टाकतात. वेगात फिरताना व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वाकतो आणि कालांतराने त्याच्या मुळाशी चीर पडते. हवा राखण्यासाठी आणलेल्या वस्तूनेच ती घालवावी, हा व्यवहार मला पटत नाही. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमधून ती किती दिवस टिकतील, ही शंका वेगळीच.

सक्ती नाही हे विधानही अर्धेच खरे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ३.५ टनांपर्यंतच्या आणि चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनीची सूट मिळते, ती हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असेल तरच. अनेक इलेक्ट्रिक गाड्या स्टेपनीविनाच येतात. अशा गाडीचे सेन्सर काढून घरी ठेवले, तर स्टेपनीही नाही आणि इशाराही नाही, असा प्रवास सुरू होतो.

आणि पिवळ्या दिव्याचे काय? सुरू करताना मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहणारा दिवा बहुधा यंत्रणेतील बिघाड सांगतो, थेट स्थिर पेटणारा कमी हवा सांगतो. दिवा कायमचाच पेटला की हा फरक संपतो, आणि पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला तर तो दिवा का पेटलाय हेही ठाऊक नसते.

प्रतिसाद १ (नाशिक)

स्टेपनी नसलेल्या गाडीपुरता मुद्दा मान्य. स्टेपनी असलेल्या गाडीबाबत माझे मत कायम आहे, कारण खुद्द स्टेपनीतच बहुतेक कंपन्या सेन्सर देत नाहीत आणि ती लावून लोक दोनशे किलोमीटर घरी येतातच.

प्रतिसाद २ (मुंबई, टायरच्या व्यवसायातून)

स्टेपनी ही तात्पुरती सोय आहे, तिच्यावरून चारही चाकांचा निर्णय करू नये. अलॉय निवडतानाच एक गोष्ट तपासावी, म्हणजे निम्मा वाद दुकानात पोहोचण्याआधीच संपेल. काही स्वस्त अलॉयमध्ये व्हॉल्व्हच्या छिद्राचा कोन असा असतो, की सेन्सर आतल्या कडेला टेकतो आणि नट कितीही आवळला तरी सील नीट बसत नाही. पैसे देण्याआधी आपला एक सेन्सर रिकाम्या चाकात बसवून दाखवायला सांगावे, आणि तो टेकत असेल तर दुसरे अलॉय पाहावे. टायर चढल्यावर ते चाक कोणीही परत घेत नाही.