मदत हवी आहे: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांची ढाल नेमकी कोणती दाखवावी?

शाळेतल्या प्रदर्शनासाठी मुंबईचे गव्हर्नर (1819 ते 1827) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावर फलक करतोय. त्यावर त्यांचं कुलचिन्ह, म्हणजे ढालीच्या आकारात काढलेलं चिन्ह, अचूक यावं, एवढीच धडपड आहे.

आडनाव स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमधल्या एल्फिन्स्टन या जागेवरून आलंय, हे पक्कं. घराण्याला लॉर्डपद 1510 च्या सुमारास मिळालं. पहिले लॉर्ड 1513 मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडले. लॉर्डांची ढालही सापडली: चंदेरी जमीन, मधोमध छपरासारखी काळी पट्टी आणि भोवती रानडुकरांची तीन लाल मुंडकी, मानेशी फाटल्यासारखी दातेरी. ही दातेरी कड चित्रकार हमखास सरळ करून टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अडचण पुढे आहे. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह आडनावाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. धाकट्या मुलाने एडिनबराच्या लॉर्ड लायनकडून, म्हणजे तिथल्या कुलचिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याकडून, ढालीत फरक करून ती नोंदवून घ्यायची असते. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डांचे धाकटे चिरंजीव, म्हणजे वडिलांची ढाल जशीच्या तशी त्यांची ठरत नाही. सरदार घराण्यांच्या जुन्या ग्रंथांत फक्त थोरल्या पातीची ढाल मिळाली. आडनाव टाकलं की ढाल विकणारी संकेतस्थळं मी धरलेली नाहीत.

तेरावे लॉर्ड जॉन, जे 1853 मध्ये गव्हर्नर झाले, ते वेगळे. त्यांची ढाल नकोय. एडिनबराला जाणं शक्य नाही, पण नोंदीच्या प्रतीचं शुल्क भरायची तयारी आहे.

1672 पासूनच्या लायन नोंदवहीत माउंटस्टुअर्ट यांच्या स्वतःच्या नावाची नोंद कुणी पाहिली आहे का? नसेलच, तर लॉर्डांची ढाल ‘वडिलांच्या घराण्याची’ अशी ओळ घालून छापणं नियमात बसेल का?