दोन चाचण्या आणि एक रेडीमेड कॅल्क्युलेटर: पशुवैद्यकाने बेझियन मॉडेल स्वतः लिहावं का?

रक्तजल_बाटली
एमव्हीएससीच्या (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर) मुलांना जॅग्जमध्ये (बेझियन मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कोड लिहायला लावणं म्हणजे वेळ घालवणं, हे माझं स्पष्ट मत. जनावरं गाभडवणाऱ्या ब्रुसेल्ला जिवाणूचंच घ्या. समजा २०० म्हशी तपासल्या, रोझ बेंगाल या रक्तचाचणीत ६ पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे ३ टक्के. चाचणीची संवेदनशीलता (रोगी जनावर पकडण्याचं प्रमाण) ८५ आणि विशिष्टता (निरोगीला निरोगी म्हणण्याचं प्रमाण) ९५ टक्के धरून, दिसलेल्या प्रमाणावरून रोगाचं खरं प्रमाण काढणाऱ्या रोगन-ग्लॅडनच्या १९७८च्या सूत्रात आकडे घाला. उत्तर येतं उणे अडीच टक्के! या उणे म्हशी बांधायच्या कुठल्या गोठ्यात? आधीचा अंदाज आणि नवे आकडे जोडून उत्तर काढणारी बेझियन पद्धत प्रमाणाला शून्याखाली जाऊ देत नाही, म्हणून ती हवी, इथपर्यंत वाद नाही. पण त्यासाठी कोड कशाला? ऑसव्हेटच्या एपिटूल्स या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरा, मागे गिब्ज सॅम्पलर (यादृच्छिक नमुने काढत उत्तर शोधणारी पद्धत) चालतो, उत्तर समोर. पशुधन विकास अधिकाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

सहप्रसरण
एकच चाचणी असेल तर तुमचं मान्य. पण प्रबंधात कोण एका चाचणीवर थांबतं? रोझ बेंगालच्या जोडीला आयएलायझा ही दुसरी रक्तचाचणी असतेच. आणि दोन चाचण्यांचं रेडीमेड गणित एक गोष्ट मुकाट्याने धरून चालतं: जनावर रोगी की निरोगी हे एकदा ठरलं, की एका चाचणीच्या चुकीचा दुसरीच्या चुकीशी संबंध नाही.

इथे तो संबंध आहे. दोन्ही चाचण्या जिवाणूच्या बाहेरच्या त्याच लिपोपॉलीसॅकराइडविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात. येर्सिनिया ओ:९ या मिळत्याजुळत्या जिवाणूची लागण झालेली गाय एकीला फसवते तशीच दुसरीलाही फसवू शकते. हे सोडून दिलं की दोन्ही चाचण्या आहेत त्यापेक्षा चांगल्या दिसतात. दोघींनी मिळून केलेली चूक हाच पुरावा ठरतो ना!

रक्तजल_बाटली
मग सहप्रसरण (दोन चाचण्यांच्या चुका एकत्र घडण्याचं माप) घाला मॉडेलमध्ये. आणि आता मोजा. दोन कळप, दोन चाचण्या: प्रत्येक कळपातून ३ सुटे आकडे (निकालांच्या जोड्या चार, पण बेरीज ठरलेली), एकूण ६. अज्ञातंही ६, दोन संवेदनशीलता, दोन विशिष्टता, दोन कळपांतली प्रमाणं. खरी रोगस्थिती माहीत नसताना चाचण्या जोखणारी हुई आणि वॉल्टर यांची १९८०ची मांडणी इथे बरोबर जुळते. तुमची दोन सहप्रसरणं आली की अज्ञातं ८ आणि आकडे ६च. उरलेलं कोण भरून काढणार? प्रायर, आकडे बघण्याआधीच धरलेला अंदाज. म्हणजे उत्तर जनावरांच्या रक्तातून नाही, तुमच्या डोक्यातून आलं. त्यापेक्षा माझा कॅल्क्युलेटर प्रामाणिक.

सहप्रसरण
प्रामाणिक कसला? सहप्रसरण शून्य धरणं हासुद्धा प्रायरच आहे, आणि सगळ्यांत हटवादी. फक्त तो पडद्यावर दिसत नाही. कोड लिहिला की ती ओळ निदान परीक्षकाच्या नजरेला पडते.

चार_साखळ्या
दोघंही जॅग्जच्या काळात अडकलात. जॅग्जच्याच जातीचं जुनं विनबग्ज १.४.३ २००७मध्ये थांबलं, तरी विभागाविभागांत तोच कोड पिढीजात चालत आलाय. स्टॅन हे नवं सॉफ्टवेअर २०१२पासून आहे, साखळ्या (वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू केलेल्या सॅम्पलिंगच्या फेऱ्या) कुठे अडल्या ते स्वतः ओरडून सांगतं. हुई-वॉल्टरमध्ये गटांची गिनतीच वापरायची असल्याने प्रत्येक जनावराची छुपी रोगस्थिती सॅम्पल करावी लागत नाही, म्हणजे स्टॅनला अडचणही नाही.

रक्तजल_बाटली
स्टॅनवाल्यांना एकच सांगतो. जॅग्जमध्ये नॉर्मल वितरणाचा दुसरा आकडा म्हणजे प्रिसिजन, प्रसरणाचा व्यस्त. तिथे ०.००१ लिहिलं तर प्रमाण विचलन साधारण ३२, ऐसपैस प्रायर. स्टॅनमध्ये दुसरा आकडा हेच प्रमाण विचलन. कोणी तो ०.००१ जसाच्या तसा उचलून चिकटवला की सहगुणक (एखाद्या घटकाचा परिणाम सांगणारा आकडा) शून्याला खिळला म्हणून समजा. आणि मग निष्कर्ष काय? ‘कळपाच्या आकाराचा परिणाम आढळला नाही.’ हाताने लिहिलेल्या कोडचं हे असं असतं.

चार_साखळ्या
हे मात्र खरं. अजून एक: एक साखळी प्रमाण १० टक्के म्हणते, दुसरी ९० टक्के. आरशातलं उत्तर, रोगी आणि निरोगी यांची अदलाबदल. संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची बेरीज १पेक्षा जास्त अशी अट घातली की मिटतं. पण साखळ्यांचा आलेख न बघता सरासरी काढणारे म्हणणार ५० टक्के, आणि तेही छापायला निघणार!

कोड_वाचक
मधला रस्ता कोणी बोलेना म्हणून लिहितोय. आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या रनजॅग्ज पॅकेजमध्ये हुई-वॉल्टरचा साचा देणारं फंक्शन आहे. तुमची माहिती दिली की ते पूर्ण मॉडेल साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून देतं, सहप्रसरणाच्या ओळींसकट. टायपिंगच्या चुका टळतात आणि गृहीतकं वाचता येतात. मुलांना कोड लिहायला नका लावू, पण प्रत्येक ओळ वाचायला लावा.

प्रबंध_मार्चमध्ये
माझ्याच कामाचं निघालं. माझ्याकडे गायींचे दोन कळप आहेत. एकात वासरांना एस-१९ ही ब्रुसेल्लाची लस दिलेली, दुसऱ्यात नाही. मार्गदर्शक म्हणतात, दोन वेगळे कळप आयतेच मिळाले, घाल हुई-वॉल्टरमध्ये. कॅल्क्युलेटर की साचा?

सहप्रसरण
थांब, दोन्ही नको. हुई-वॉल्टरला दोन कळपांत रोगाचं प्रमाण वेगळं लागतं, पण चाचणीची विशिष्टता दोन्हीकडे एकच लागते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एस-१९ टोचली की प्रतिपिंडं तयार होतात, काही जनावरांत ती रेंगाळतात, आणि रोझ बेंगाल त्यांना पॉझिटिव्ह म्हणते. म्हणजे लसवाल्या कळपात विशिष्टता कमी. मॉडेल मात्र ते खोटे पॉझिटिव्ह रोग म्हणून मोजेल.

रक्तजल_बाटली
हे एपिटूल्सने सांगितलं नसतं हे कबूल. पण जॅग्जनेही सांगितलं नसतं, स्टॅननेही नाही.

सहप्रसरण
बरोबर, ते लसीकरणाच्या नोंदवहीतच सापडतं. @प्रबंध_मार्चमध्ये, लस न दिलेला आणखी एक कळप मिळतोय का बघ, शक्यतो गाभडण्याच्या तक्रारी जास्त असलेला. नसेल तर लसवाल्या कळपाची विशिष्टता वेगळी धर आणि तिला स्वतंत्र प्रायर दे. जनावरांची वयं आणि लसीच्या तारखा आहेत का तुझ्याकडे?

प्रबंध_मार्चमध्ये
वयं आहेत. तारखा निम्म्याच जनावरांच्या.