लिफ्टजवळचा सीपीयू

(शुक्रवार)

फ्लॅट १०२ : लिफ्टजवळ सीपीयू आणि मॉनिटर ठेवला आहे, आमचाच. २०११ चा. रविवारी कबाडीवाला येईल. त्याआधी कोणाला पाहिजे असेल तर न्या.

फ्लॅट ३०४ : काका, सीपीयू मला द्या, कबाडात नका टाकू. राउटर बनवते त्याचा.

फ्लॅट ५०१ : कायले? राउटर दीड-दोन हजारात मिळून राहिला. हे धूड घरात कोण ठेवन?

फ्लॅट ३०४ : दादा, तुमचंच दुखणं आहे हे. वहिनींचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की पोराचा गेम अडकते म्हणत होते ना? आमच्याकडेही तसंच. स्पीड टेस्ट मारा, १०० एमबीपीएस येते. स्पीड आहे, पण अपलोड भरलं की राउटर पॅकेट (डेटाचे तुकडे) रांगेत दाबून ठेवतो. व्हरायटी चौकात एक बस आडवी झाली की मागची स्कूटीही अडते, तसं.

फ्लॅट ५०१ : मग पीसी काय पोलीस आहे का 😄

फ्लॅट ३०४ : तेच समजा. ओपनडब्ल्यूआरटी नावाची फुकटची सिस्टिम आहे. त्यात ‘केक’ म्हणून रांग लावायची पद्धत असते. लाइनच्या ९० टक्क्यांवर मर्यादा बांधायची, म्हणजे रांग आपल्या हातात राहते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर यात धापा टाकतो, २०११ चा आय-३ आरामात करतो.

फ्लॅट २०३ : बेटा, मग आमच्या मागच्या बेडरूममध्ये पण वायफाय येईल का?

फ्लॅट ३०४ : नाही काकू, त्याच्याशी याचा संबंध नाही. या पीसीला वायफाय नाहीच. जुना राउटर अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय देणारा डबा म्हणून ठेवावाच लागतो. त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम) बंद करायचं आणि वायर वॅन (इंटरनेटच्या) नाही, लॅन (घरातल्या जोडणीच्या) भोकात लावायची.

(रविवार रात्री)

फ्लॅट ३०४ : झालं एकदाचं. उघडला तर पंख्यावर धुळीची गादी. पीसीला लॅनचं एकच भोक, म्हणून बर्डीच्या बाजारातून लॅनचं एक कार्ड आणलं. मग एक तास नुसतीच डोकेफोड, कारण दोन गोष्टी. एक, या सिस्टिममध्ये पहिलं भोक लॅनचं आणि दुसरं इंटरनेटचं, मी उलटं लावलं होतं. दोन, फायबरच्या डब्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि माझ्या राउटरचाही तोच. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर! माझा १९२.१६८.१०.१ केला तेव्हा पान उघडलं.

फ्लॅट ५०१ : आणि गेम?

फ्लॅट ३०४ : आईचा कॉल चालू ठेवून, वरून गाणी अपलोड करत पाहिलं. पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) ३०० च्या वर जायची, आता ३० च्या आसपास बसून राहिली.

फ्लॅट १०२ : बिलाचं काय पण?

फ्लॅट ३०४ : तिथंच मार खाते काका. मीटर लावून पाहिलं तर ६१ वॅट. डीव्हीडी ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्ड काढलं तेव्हा ४६. दिवसरात्र चालणार, म्हणजे महिन्याला ३३ युनिट. जुना राउटर एकटा ८ वॅट, ६ युनिटही होत नाहीत. मे महिन्यात कूलरच्या बिलावर हे अजून. मला चालते, प्रत्येकाने करावं असं नाही म्हणत.

फ्लॅट २०३ : गरम होत असेल तर कूलरसमोर ठेव.

फ्लॅट ३०४ : नको काकू, ओली हवा आत गेली तर बोर्डच जाईल. हॉलमध्ये जमिनीपासून वर, पण कूलरच्या झोतात नाही असा ठेवला.

(मंगळवार)

फ्लॅट ५०१ : ताई, लाइट गेली अन् आली. तुझं नेट?

फ्लॅट ३०४ : पीसी बंदच पडून राहिला. लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये (पीसीच्या बोर्डातल्या मूळ सेटिंगमध्ये) सेटिंग केली होती, ती लाइटीसोबत गेली, कारण आतला सेल मेलेला. बटणाएवढा सीआर२०३२ बदलला, सेटिंग पुन्हा केली. मग मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला, आपोआप उठला.

फ्लॅट १०२ : त्यातल्या हार्डडिस्कचं काय केलंस? पुसली तर नाही?

फ्लॅट ३०४ : नाही काका. सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते, डिस्क काढून वेगळी ठेवली. संध्याकाळी आणून देते. त्यात आपल्या सोसायटीच्या गणपतीचे फोटो दिसले, टेरेसवर मंडप होता त्या वर्षीचे.

फ्लॅट १०२ : अरे वा, ग्रुपवर टाक.

सेक्रेटरी : फोटो टाकाच. पण मॉनिटर अजून लिफ्टजवळच आहे, काल दूधवाला अडखळला.