चोविसाव्या शतकातली मराठी कशी लिहायची?

नभा_लिहिते
मंगळावरच्या वस्तीची गोष्ट लिहितेय, काळ इ.स. २४००. आपल्या विज्ञानकथांत 'अणुचूल', 'प्राणकोष' असे शब्द पेरलेले असतात आणि वाक्य मात्र आजच्या पुण्यातलं. मला हे पटत नाही. भाषा खरी बदलते ती उच्चारांत आणि प्रत्ययांत. १२९० मध्ये ज्ञानेश्वर 'विश्वात्मकें देवें' म्हणाले, आपण 'विश्वात्मक देवाने' म्हणतो. शब्द तेच राहिले, प्रत्यय बदलला. 'करतो आहे'चं 'करतोय' तर आपल्याच तोंडात झालंय.

मी एकच नियम घेतलाय: दोन स्वरांमधला 'ह' गळतो. तो माझ्या मनचा नाही. पहिला-पयला, राहिला-रायला, पाहिजे-पायजे, वहिनी-वयनी हे रोज कानावर पडतं. हाच नियम सरसकट लावला की 'विहीर'ची 'वीर' होते आणि शूर माणसाशी तिची गाठ पडते. मग लोक 'पाण्याची वीर' म्हणू लागतील. हा शब्दप्रयोग मला बनवावा लागला नाही, तो आपला आपण उगवला. भाषा अशी वाढू द्यावी, घडवू नये.

जुना_वाचक
साफ असहमत. ज्ञानेश्वरी वाचताना आपण अर्थासाठी टीप बघतो, कथेत कोण बघणार? ऐतिहासिक कादंबरीतले मावळे तरी कुठे बखरीच्या गद्यात बोलतात? लेखक मधला दुभाषा असतो, हे वाचकाने धरलेलंच असतं.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. 'नाय', 'पायजे' वाचलं की मराठी वाचकाला भविष्य ऐकू येत नाही, खेडं ऐकू येतं. तुमची मंगळावरची अभियंता पहिल्याच संवादात अडाणी ठरेल. तुम्ही काळ दाखवायला जाल आणि वाचक जात शोधत बसेल.

नभा_लिहिते
म्हणून तर लिहायचं! 'पायजे' म्हणणारी बाई हवेचा दाब सांभाळतेय, तिच्या हातात शंभर माणसांचा श्वास आहे. हे चार पानं वाचल्यावरही ती अडाणी वाटली तर दोष भाषेचा नाही. निवेदन आजच्याच मराठीत ठेवेन, एवढं मात्र तुमचं मान्य.

दुर्गवेडी
'घडवू नये' याला माझी हरकत आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द काढण्यासाठीच. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा मुख्य प्रधान. पुढे सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिग्दर्शक' आज कुणाला बनवलेले वाटतात? जिथे राज्य आहे तिथे शब्द घडवले जाणारच, आणि मंगळावर तर हवासुद्धा कचेरीच वाटून देणार.

पण बघा, शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असूनही लोकांच्या तोंडी 'पेशवे'च राहिले. शिक्क्यावरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांच्यातली ही ओढाताण कथेत आली नाही तर समाज उभा राहत नाही. नुसता 'ह' गाळून काय होणार?

सागरपार
सगळे धरूनच चाललेत की तिथे मराठी उरेल. १८३४ नंतर आपल्याकडचे मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकतात, पण बहुतेकांच्या घरात बोलली जाते ती क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली मिश्र बोली. दोनशे वर्षंसुद्धा लागली नाहीत. चारशे वर्षांनी मंगळावर 'ह' गळलेली मराठी नसेल, भलतीच मिश्र बोली असेल आणि तिच्यात मराठीचे दहा-वीस शब्द. नभाताई, तुमचा नियम सुंदर आहे, पण पाया चुकलाय.

कावेरीकाठ
सागरपार, तंजावर विसरलात. व्यंकोजीराजांना १६७० च्या दशकात तिथलं राज्य मिळालं. साडेतीनशे वर्षं होत आली, शाळा तमिळ, बाजार तमिळ, तरी कित्येक घरांत मराठी बोलली जाते. आपल्याला ती जुनी वाटते, आणि तमिळ तिच्यात पुरती मुरलेली आहे. फरक असा की तंजावरात दरबार मराठी होता, मोडीतली दफ्तरं होती, लग्नं आपापसांत होत राहिली. मळ्यावर यातलं काय होतं? तेव्हा आधी ठरवा, तुमच्या वस्तीत कोण कुणासोबत कामाची पाळी करतं आणि कोण कुणाशी लग्न करतं. व्याकरण त्यानंतर.

नभा_लिहिते
हे मनाला लागलं. मी वस्तीचा नकाशा काढला, पण पाळ्यांची वाटणी केलीच नव्हती. सागरपार म्हणतात तशी क्रेओल कामाच्या पाळीत ठेवते, मराठी फक्त आजी आणि नात यांच्यात. आणि दुर्गवेडी, दारावर कचेरीचा फलक लावलाय. ही सुरुवात:

फलकावर 'निर्वातसीमा. प्रवेश निषिद्ध.' नात तो न वाचताच ओरडते, "आज्जे, थांब! भायर नाय जायचं, वारा रायला नाय."

जुना_वाचक, ही मुलगी तुम्हाला खेडवळ वाटली का? खरं सांगा.

जुना_वाचक
'भायर'ला वाटली. 'वारा रायला नाय'ला काटा आला. पुढची ओळ टाका.