साउंड होरायझन: मधलं बोलणं गाळू नका

एकांनी लिहिलंय की साउंड होरायझन या जपानी संगीतगटाच्या गाण्यांत मध्येच निवेदन आणि संवाद येतात, त्यामुळे रसभंग होतो, म्हणून ते तेवढा भाग गाळून पुढे जातात. कृपया असं करू नका! तिथेच तर गोष्ट आहे.

रेवो हा या गटाचा कर्ताधर्ता. लेखन, संगीत सगळं त्याचंच. गायक मात्र कथेनुसार बदलतात, नाटकातल्या पात्रांसारखे. २०१०चा 'मेर्शेन' हा अल्बम घ्या. ग्रिमबंधूंच्या जर्मन परीकथांचं वातावरण, सात स्त्रिया, प्रत्येकीवर अन्याय झालेला. मेर्शेन नावाचं पात्र आणि त्याच्या हातातली बाहुली एलिझं त्यांना सूड घ्यायला मदत करतात. एकामागून एक सूड पुरे होत जातात आणि आपल्यालाही त्याची सवय होते. मग सातवी, एलिझाबेथ, सूड नाकारते. हे गाणं सुटं ऐकलं तर फक्त गोड वाटेल. आधीची सहा ऐकून तिथे पोचलात तर गळा दाटून येतो. माझा तरी दरवेळी येतो.

या अल्बमच्या आधी त्याच वर्षी आलेली सिंगल (छोटी सीडी) जरूर ऐका, मेर्शेन कोण होता ते तिथेच कळतं. त्यात हात्सुने मिकू या संगणकनिर्मित गायिकेचा आवाजही आहे.

'अटॅक ऑन टायटन' या जपानी ॲनिमे मालिकेच्या शीर्षकगीतावरून इकडे वळलेल्यांसाठी: ते लिंक्ड होरायझन, म्हणजे रेवोचाच दुसऱ्यांच्या कथांसाठीचा प्रकल्प. त्याच्या स्वतःच्या कथा साउंड होरायझनमध्ये आहेत. 'रोमान' या अल्बमपासून (२००६) सुरुवात केलीत तरी चालेल, फक्त गाण्यांचा क्रम मोडू नका.