शब्दचर्चा: आतडे आयोडाइडचे ‘उत्सर्जन’ करते की ‘स्राव’?

प्रश्न: शरीरक्रियाशास्त्रावरचा एक अनुवाद तपासते आहे. त्यात ‘लहान आतडे आयोडाइडचे उत्सर्जन करते’ असे वाक्य आहे. मला ते खटकते. पण ‘स्राव’ म्हटले की पाचकरसासारखे पातळ काहीतरी डोळ्यांसमोर येते. काय लिहावे?

उत्तर: ताई, खटकले ते योग्यच. उत्सर्जन म्हणजे नको ते शरीराबाहेर टाकणे. आयोडाइडच्या (म्हणजे आयोडीनच्या ऋणभारित आयनाच्या) बाबतीत ते काम मूत्रपिंडे करतात. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक लघवीवाटे जाते. लाळग्रंथी आणि जठर रक्तातले आयोडाइड उचलून अन्नमार्गात सोडतात, पण पुढे लहान आतड्यात ते पुन्हा रक्तात घेतले जाते. १९५० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तर खुद्द आतड्याची भिंतही आयोडाइड पोकळीत सोडताना दिसली. जे असे परत घेता येते, त्याला उत्सर्जन कसे म्हणायचे? ‘स्राव’च हवा. नाम अडखळत असेल तर सरळ ‘पोकळीत सोडते’ लिहा, अर्थाला कुठेही बाधा येत नाही.

प्रश्न: आणि उलट दिशेला? ‘शोषण’ की ‘अवशोषण’?

उत्तर: ‘अन्नरसाचे शोषण’ रूढ आहे, तेच ठेवा. मात्र टिपकागद शाई ओढतो तसे हे होत नाही, हे वाक्यातून कळू द्या. आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडच्या कडेला एक वाहक प्रथिन असते. ते दोन सोडियम आयनांबरोबर एक आयोडाइड आयन आत घेते. पेशीत सोडियम कमी राखायला ऊर्जा खर्च होते, म्हणून हे ‘सक्रिय वहन’. थायरॉइडच्या पेशीत हेच प्रथिन रक्ताकडच्या बाजूला असते, त्यामुळे तिथे आयोडाइड रक्तातून पेशीत येते. प्रथिन तेच, फक्त बसण्याची बाजू वेगळी! दोन्ही दिशांना मिळून एकच शब्द हवा असेल तिथे ‘वहन’ वापरावे.

आणखी एक: ‘आयोडीन’ आणि ‘आयोडाइड’ यांची सरमिसळही टाळा. आपल्याकडच्या मिठात सहसा पोटॅशियम आयोडेट घालतात. त्याचे पचनमार्गात आयोडाइड होते आणि मग ते शोषले जाते. आहाराविषयी लिहिताना ‘आयोडीन’ चालेल, पेशींविषयी लिहिताना नाही. आणि कृपा करून ‘स्त्राव’ नको. मूळ धातू ‘स्रु’, म्हणून ‘स्राव’. त्यात ‘त’ कुठेच नाही.